खंदकातली दुसरी पंगत

आमच्या मामंजींचं गणित सरळ होतं. पाकिस्तान बॉम्ब टाकणार तो रणगाड्यांवर. रणगाडे नगरला. नगरात वरून सगळ्यात आधी दिसणार ती सावेडी, कारण इथे नवे बंगले, उघडी मैदानं आणि औषधालासुद्धा झाड नाही. आणि सावेडीत नुकताच पांढराफेक चुना लावलेला बंगला एकच, आमचा. म्हणजे एकाहत्तरच्या डिसेंबरातलं युद्ध हे आम्हा मुळ्यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यासाठीच सुरू झालं होतं, याबद्दल मामंजींना शंका नव्हती. तालुक्यातालुक्याच्या कचेऱ्यांतून त्यांनी पस्तीस वर्षं कारकुनी केली आणि शेवटी जामखेडहून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. एवढ्या वर्षांत वरिष्ठांनी त्यांना कधी महत्त्व दिलं नाही. ते शेवटी शत्रूने दिलं.

मी त्यांची थोरली सून, शोभा. माहेर राजूरचं, वडील तिथल्या शाळेत मास्तर. तेव्हा मला सातवा महिना होता आणि पदराला तीन वर्षांची बेबी. घरात मामंजी, सासूबाई, आमचे हे म्हणजे शामकांत, धाकटे दीर हेमचंद्र आणि आम्ही मायलेकी. सहा माणसं. हा आकडा नीट लक्षात ठेवा, कारण मामंजींच्या तो कधीच लक्षात राहिला नाही.

राजूरला चार महिने पाऊस धो धो कोसळतो. बेगमी कशी करायची हे तिथल्या पोरीला कुणी शिकवावं लागत नाही. घरात तोंडं किती, कोण काय खातं, कोण आजारी, कोण बाळंतीण, हे आई आधी मनाशी धरायची आणि मग डबे भरायची. मामंजींनी सुरुवात दुसऱ्या टोकाने केली. बाजारातून काय काय नाहीसं होईल याची त्यांनी यादी केली आणि ते सगळं आणलं. टांगा दिल्ली दरवाज्यापासून दिवसातून दोनदा यायचा. शेंगदाणे, गूळ, तूरडाळ, तेलाचे डबे, सुतळीचे गुंडे, काड्यापेट्यांचा एक अख्खा खोका. पायांच्या भेगांना लावायचं मलम बारा डब्या. मीठ तर पोतंभर. मागच्या युद्धात मीठ मिळेनासं होणार अशी अफवा उठली होती. मीठ मिळत राहिलं होतं, पण ते मामंजी विसरले होते आणि अफवा तेवढी लक्षात राहिली होती. सहा माणसांनी एवढं मीठ वेळेत संपवायचं म्हटलं असतं तर शत्रूला वेगळे कष्ट घ्यावे लागले नसते.

रॉकेलच्या रांगेत मात्र मला पाठवलं. गरोदर बाईला लोक पुढे सोडतात, असा मामंजींचा अनुभव होता. लोकांनी सोडलंही. तीन डबे भरून आणले तेव्हा ते म्हणाले, "पाहिलंत, सूनबाई, प्रत्येक परिस्थितीचा काही ना काही उपयोग असतो." मला तेव्हाच हातातला डबा त्यांच्या पायावर सोडावासा वाटला होता.

मग खंदक आला. घरामागच्या मोकळ्या जागेत खंदक खणावा, असं सरकारी पत्रक होतं. आमच्याकडे धुणंभांडी करणारी गोजरबाई आणि तिचा नवरा गोरक्ष यांनी तो तीन दिवसांत खणला. सावेडीचा मुरूम म्हणजे टिकाव मारला की ठिणगी उडणार. बारा फूट लांब, अडीच फूट रुंद, साडेचार फूट खोल, उतरायला चार पायऱ्या. मामंजी काठावर टेप घेऊन उभे. अर्ध्यावर पत्रे टाकले, पत्र्यांवर मुरमाची पोती रचली. काम झालं, आणि मला वाटलं, चला, निदान एक शहाणपणाची गोष्ट या घरात झाली.

त्याच दुपारी मामंजींच्या डोक्यात आलं की बॉम्ब घरावर पडला तर घरातली बेगमी जाईल. एवढी जमवलेली बेगमी घरात ठेवणं म्हणजे शत्रूच्या हातात देणं. म्हणून बेगमी खंदकात गेली. मिठाचं पोतं, तेलाचे डबे, डाळ, गूळ, जामखेडच्या निरोपसमारंभात मिळालेलं घड्याळ आणि जुन्या कागदांची ट्रंक. रॉकेलचे तिन्ही डबेही तिथेच. म्हणजे बॉम्बपासून वाचायला माणसांनी रॉकेलला टेकून बसायचं होतं. सासूबाईंनी आपली सोवळ्यातली लिंबाच्या लोणच्याची बरणी नेऊन कोपऱ्यात ठेवली, तेवढा हक्क त्यांनी चालवला. देव्हाऱ्यातल्या देवांचंही त्यांनी विचारलं, पण त्यांच्यापुरती जागा उरली नव्हती, म्हणून ते घरातच राहिले.

गोरक्ष फावडं धूत उभा होता. त्याने वाकून आत बघितलं.

"मालक, माल तर झ्याक बसला," तो म्हणाला. "आता मान्सं कुटं बसायची?"

"चार माणसं आरामात बसतील," मामंजी म्हणाले. "मी मोजलंय."

"आन् घरात हायती किती?"

"तुला काय करायचंय? तू फावडं धू."

यादी दुसऱ्या दिवशी लागली. स्वयंपाकघराच्या दाराच्या मागच्या बाजूला, खळीने चिकटवलेली. मामंजींचं अक्षर मोत्यासारखं. वर मथळा, खाली सही, मध्ये सूचना. पहिली सूचना: भोंगा वाजताच पहिली पंगत खंदकात बसेल. पहिली पंगत: निम्नस्वाक्षरीकार, चि. शामकांत, चि. हेमचंद्र, कु. बेबी. दुसरी सूचना: पहिली पंगत उठल्यावर दुसरी पंगत बसेल. दुसरी पंगत: सौ. कुटुंब, सौ. सूनबाई. तिसरी सूचना माझ्या एकटीवर होती. सौ. सूनबाई यांनी स्टोव्ह विझवून, मागील दारास कडी घालून, पहिल्या पंगतीस पाणी व फराळाचे पोचवावे आणि आपल्या पंगतीची वाट पाहावी. चौथी सूचना: धोका टळल्याचा भोंगा होईपर्यंत पंगतीतून कोणीही उठू नये.

मी ती यादी दोनदा वाचली. हातात पोळपाट होता. पहिली पंगत धोका टळल्याशिवाय उठणार नाही. ती उठल्याशिवाय दुसरी बसणार नाही. म्हणजे बॉम्ब पडत असताना आम्ही दोघी मागच्या दारात उभ्या राहणार, आणि बॉम्ब पडायचे थांबले की खंदकात जाऊन बसणार.

यात वाईट हेतू नव्हता, हे मला आजही कबूल आहे. म्हणूनच तर चीड येते. या घरात रोज दोन वेळा हेच होत होतं. आधी पुरुषांची आणि मुलांची पानं. त्यांचं आटोपलं, शेण फिरवलं, की मग आम्ही दोघी स्वयंपाकघरात. तोपर्यंत भाजी तळाला गेलेली, आमटीतली डाळ दुसऱ्या कुणाच्या तरी पोटात. लग्नात, मुंजीत, श्राद्धाला तेच. मामंजींनी आयुष्यात माणसं बसवली ती पंगतीनेच. खंदक खणला, माणसं बसवायची वेळ आली, हात आपोआप तसाच चालला. आणि घरातल्या कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. सासूबाईंनी माझ्याकडून यादी वाचून घेतली आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. आपलं काय, मागाहून."

संध्याकाळी मी ह्यांना गाठलं.

"तुम्ही ती यादी वाचलीत का?"

"वाचली. अक्षर काय आहे गं अण्णांचं अजून."

"मी कुठे बसायचं?"

ह्यांनी थोडा विचार केला. "दुसऱ्या पंगतीत की."

"ती केव्हा बसणार?"

आता ह्यांनी खरंच विचार केला. चेहऱ्यावर दिसला तो. मग म्हणाले, "तू पण ना. अगं, बॉम्ब पडणार आहे का इथे?"

"मग खंदक कशाला खणलाय?"

"अण्णांच्या समाधानासाठी. बोलतो मी त्यांच्याशी, वेळ बघून."

ह्यांची वेळ आमच्या लग्नापासून आलेली नव्हती. मी पोटावर हात ठेवून बसून राहिले. मला रडू येत होतं आणि रडण्याचीही लाज वाटत होती. बॉम्ब येईल न येईल, पण आला तर या घरात माझी आणि पोटातल्या जिवाची आठवण कितव्या नंबरावर येते, ते मला मोत्यासारख्या अक्षरात लिहून मिळालं होतं. मला त्या खंदकात जागा हवी होती. भीतीपोटी हवी होती, आणि त्याहून जास्त रागापोटी.

मग रंगीत तालमी सुरू झाल्या. मामंजी दुपारी चारला पूजेची घंटा वाजवायचे. हे कचेरीत असले तर त्यांच्या जागी उशी ठेवायचे, म्हणजे जागा अडते. मामंजी मिठाच्या पोत्यावर, हेमचंद्रभावजी ट्रंकेवर, बेबी त्यांच्या मांडीवर. मी स्टोव्ह विझवायचा, कडी घालायची, पाण्याचा तांब्या आणि फराळ घेऊन खंदकाच्या काठाशी जायचं आणि वाकून एकेकाला द्यायचं. सातव्या महिन्यात साडेचार फूट खोल वाकून वाढणं कसं असतं, ते ज्यांनी केलं त्यांनाच कळेल. एकदा पोह्यांचा घास घेऊन मामंजी खालून म्हणाले, "सूनबाई, मीठ कमी आहे."

ते तेव्हा मिठाच्या पोत्यावर बसले होते.

आईने माझ्यासाठी राजूरहून डिंकाच्या लाडवांचा डबा धाडला होता. मामंजींनी तो युद्धसाठा म्हणून खंदकात ठेवला. युद्धाच्या प्रसंगाशिवाय उघडायचा नाही अशी सक्त ताकीद. पण माल टिकतोय का हे तपासायला हवं, म्हणून प्रत्येक तालमीत पहिली पंगत एकेक लाडू तपासत होती. चार तालमींत अर्धा डबा तपासून झाला. माल टिकत नाही हे मला दिसत होतं.

त्या दिवसांत मी गोजरबाईपाशी मन मोकळं केलं. ती मागच्या अंगणातल्या मोरीत भांडी घासत होती. मी यादी वाचून दाखवली, पंगतीचा हिशेब समजावला, आणि माझ्यावर किती अन्याय झालाय ते चांगलं तिखटमीठ लावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"वयनी," ती म्हणाली, "आन् माजं नाव कितव्या पंगतीला हाय?"

मी ती यादी इतक्यांदा वाचली होती, आणि हे माझ्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं. खंदक जिने खणला ती दिवसाचे आठ तास आमच्याच घरात असायची.

मी मामंजींना विचारलं. ते म्हणाले, "ती संध्याकाळी आपल्या घरी जाते. तिचं तिच्याकडे बघतील." भोंगा दुपारी वाजला तर, असं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "सूनबाई, तुम्ही फार खोलात जाता." साडेचार फुटांहून खोल काही त्यांना आवडत नसे.

गोजरबाईला मी हे सांगितलं नाही, पण तिने ओळखलं. "जाऊ द्या वयनी. आमच्या खोपटावर बाम टाकून त्येला काय गावनार? त्येचाच खर्च."

युद्ध सुरू होऊन आठवडा झाला असेल. दुपारच्या एसटीने माझे बाबा राजूरहून आले, न कळवता. युद्धाच्या बातम्यांनी आईच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. मुलीला बघून या, म्हणून तिने त्यांना पिटाळलं होतं. बरोबर अर्धं पोतं तांदूळ. बाबांनी मला विचारलं, "कशी आहेस?" मी म्हटलं, "बरी आहे." वडिलांशी मुलीचं एवढंच बोलणं असतं. तेवढ्यात मामंजी त्यांना खंदक दाखवायला घेऊन गेले.

बाबांनी खंदकाची वाखाणणी केली. यादीही वाचली. "व्यवस्था चोख आहे," म्हणाले. दुसऱ्या पंगतीतलं मुलीचं नाव त्यांनी वाचलं आणि मान डोलावली. आमच्या घरीही आई मागाहूनच जेवायची. मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं, कारण तेवढा एकच माणूस माझ्या बाजूने काही बोलेल असं मी धरून चालले होते.

तांदळाचं पोतं अर्थात खंदकात गेलं. मामंजींनी उतरून स्वतः जागा केली, इकडचे डबे तिकडे सरकवले. आता आत चार माणसं मावत होती ती खेटून, आणि पहिल्या पंगतीत पाहुणे धरून पाच झाली होती. पण मोजणार कोण.

सहा वाजून गेले होते. खिडक्यांना काळे कागद लावलेले. मामंजी संध्येला बसले होते, बाबा चहा घेत होते, हे नुकतेच सायकल टेकवून आत आले होते. पाहुण्यांमुळे भांडी वाढली म्हणून गोजरबाई अजून मोरीत होती. मी पोळ्या लाटत होते. आणि गावाकडून भोंगा वाजला.

खरा भोंगा घंटेसारखा नसतो. तो चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. मी घाबरले, खोटं कशाला सांगू. लाटणं हातातून पडलं. पोटातलं बाळ एकदा जोरात हललं आणि गप्प झालं. तरी हात सवयीने चालले. स्टोव्ह विझवला. पाण्याचा तांब्या भरला. तेवढ्यात पहिली पंगत मागच्या दाराने धावत खंदकावर पोचली होती. मामंजी पंचा नेसून उघडे, हेमचंद्रभावजींच्या कडेवर बेबी, मागे हे आणि बाबा. काठावर पोचले आणि थांबले.

"मास्तर, आपण आधी," मामंजी म्हणाले.

"छे छे. आपण वडील. आपण बसा."

"असं कसं. आपण पाहुणे. पाहुण्याआधी मी बसू?"

"मग जावईबापूंना बसू द्या. जावयाआधी मी पाय ठेवायचा नाही, आमच्याकडे पद्धत नाही."

"मी?" हे म्हणाले. "अण्णा उभे असताना?"

भोंगा चढत होता. मी दारात तांब्या घेऊन उभी. मामंजी बसल्याशिवाय हे बसेनात, कारण ते वडील. हे बसल्याशिवाय बाबा बसेनात, कारण हे जावई. आणि बाबा बसल्याशिवाय मामंजी बसेनात, कारण बाबा व्याही. तिघे एकमेकांच्या कोपराला धरून पुढे ढकलत होते, आणि तिघांचे पाय मुरमात रुतल्यासारखे होते. हेमचंद्रभावजी सगळ्यांत धाकटे, त्यांचा तर प्रश्नच नव्हता. बेबीने रडायला सुरुवात केली.

"अहो, संकोच करू नका मास्तर, घर आपलंच आहे."

"संकोच नाही, पण मान कुणाचा ते..."

माझ्या शेजारी सासूबाई येऊन उभ्या राहिल्या. त्या हे सगळं बघत होत्या. वर आभाळ, खाली पुरुष. त्यांचा चेहरा मला त्या संधिप्रकाशात नीट दिसला नाही.

"स्टोव्ह विझवलास?"

"हो."

"कडी?"

"घालते."

"घाल. आणि चल."

त्या चालू लागल्या. हेमचंद्रभावजींच्या कडेवरून त्यांनी बेबीला उचललं आणि पुरुषांना म्हणाल्या, "जरा सरका." ते सरकले. का सरकले ते मला ठाऊक आहे. बाई पंगतीत शिरते ती वाढायला, एवढंच त्यांना माहीत होतं. सासूबाई चार पायऱ्या उतरल्या आणि मामंजींच्या मिठाच्या पोत्यावर बसल्या. मग मी उतरले. ह्यांनी हात दिला, तोही सवयीनेच असावा.

गोजरबाई मोरीशी उभी होती, हाताला राख लागलेली.

"गोजरबाई, ये."

"न्हाई वयनी. तुमी बसा. मी हाय हितं."

मी पुन्हा वर चढले. त्या अवस्थेत, त्या भोंग्यात. तिचं मनगट धरलं आणि तिला घेऊनच उतरले. खाली पाय ठेवायला जागा होती ती सासूबाईंच्या शेजारी, लोणच्याच्या बरणीजवळ. गोजरबाई तिथे अंग चोरून उभी राहिली. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं. मग बरणी उचलून दुसऱ्या बाजूला, आपल्या आणि तेलाच्या डब्यांच्या मध्ये घेतली. एवढं त्यांनी केलंच. पण बरणी हलल्यामुळे जागा झाली आणि गोजरबाई बसली.

वरून चार डोकी वाकली.

"हे काय?" मामंजी म्हणाले. "तुमची दुसरी पंगत ना?"

"आता पहिली झाली," सासूबाई म्हणाल्या. "आमची उठली की तुम्ही बसा. तुम्हीच लिहिलंय."

"आई, थोडं सरकून होईल का जागा?" ह्यांनी विचारलं.

"सरकून नाही होणार. मिठाचं पोतं आणि तांदूळ बाहेर काढलंत तर दोघं बसाल."

मामंजींनी आभाळाकडे पाहिलं, मग पोत्याकडे. "मीठ बाहेर?" ते म्हणाले. "आणि दव पडलं म्हणजे?"

पुरुषांनी मुरमाच्या ढिगाआड बसून घेतलं. मामंजी उघडे, डिसेंबरची थंडी. मीठ मात्र कोरडं राहिलं.

आत अंधार, रॉकेलचा वास, बेबी माझ्या मांडीवर. भोंगा थांबला आणि सगळं शांत झालं. ती शांतता भोंग्याहून वाईट होती. आम्ही चौघी विमानाच्या आवाजाची वाट बघत बसलो. मग सासूबाई हळू म्हणाल्या, "चव्वेचाळीस वर्षं झाली लग्नाला. आधी बसायची ही पहिलीच वेळ." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "बरं वाटतं गं."

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला.

"तो तुझ्या आईचा डबा कुठेय?"

"तुमच्या मागे. पण तो युद्धसाठा आहे."

"मग वर काय बारसं चाललंय? उघड तो."

डब्यात सात लाडू उरले होते. सासूबाईंनी दोन माझ्या हातावर ठेवले. मग स्वतः दोन घेतले, बेबीला एक दिला, आणि गोजरबाईच्या ओंजळीत दोन टाकले, वरून, हात लागणार नाही असे. गोजरबाईने एक पदरात बांधला, गोरक्षसाठी. अंधारात आम्ही चौघी लाडू खात होतो. डिंक कुरकुरत होता. वरून हेमचंद्रभावजींनी विचारलं, "काय वाजतंय?" सासूबाईंनी दुसरा लाडू फोडला. मला माझ्या वाटचे लाडू त्या दिवशी पहिल्यांदा मिळाले, आणि ते मी सावकाश खाल्ले.

अर्ध्या तासाने धोका टळल्याचा भोंगा झाला. विमान आलंच नव्हतं. आम्ही वर आलो. पुरुष उभे राहून मुरूम झटकत होते आणि घराकडे निघाले होते.

"कुठे निघालात?" सासूबाई म्हणाल्या. "पहिली पंगत उठली. आता तुमची."

मामंजी थांबले. आयुष्यभर लेखी सूचनेच्या बाहेर न गेलेला माणूस. खाली सही त्यांचीच होती. तरी त्यांनी नकारार्थी मान हलवली असती, पण बाबा पुढे झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं, खंदकाकडे पाहिलं, आणि यादीतलं जे दुपारी त्यांना चोख वाटलं होतं त्यातली खोट बहुधा आत्ता कळली. "विहीणबाई बसा म्हणतात तर बसायला हवं," ते म्हणाले आणि पायऱ्या उतरले. पाहुणा पंगतीत एकटा कसा बसणार? मामंजींना उतरावं लागलं. मग ह्यांना. मग हेमचंद्रभावजींना. स्वच्छ आभाळाखाली, धोका टळल्यावर, चौघे पुरुष गुडघे पोटाशी घेऊन आत बसले.

"ह्यांना काही द्यायचं का?" मी सासूबाईंना विचारलं.

"दे की. उपाशी ठेवते का कुणी पंगतीला? आपलं उरलंय ते दे."

डब्याच्या तळाशी लाडवांचा भुगा होता. मी चार वाट्या आणल्या, सगळ्यांना सारखा वाढला, आणि वाकून एकेकाच्या हातात दिला. मामंजींनी आधी वाटीकडे पाहिलं, मग वर, आमच्याकडे. आम्ही तिघी काठावर उभ्या होतो, त्यांचं आटोपायची वाट बघत.